शेवटच्या ओळीतलं नाव

आरशासमोर उभं राहून सावकाश 'राम' म्हणून पाहा. 'रा'ला तोंड उघडतं, 'म'ला ओठ मिटतात. ओठाला ओठ न लावता 'राम' म्हणताच येत नाही. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं ओठांची, म्हणून व्याकरणात ती ओष्ठ्य. आता ही पाच अक्षरं अजिबात न वापरता रामायण लिहायचं. सीता चालेल. दशरथ, जनक, कैकेयी, जटायू चालतील, लंकाही चालेल. पण लक्ष्मण गेला, भरत गेला, बिभीषण, कुंभकर्ण, हनुमान सगळे गेले, आणि ज्याचं रामायण तो राम तर पहिल्या झटक्यात बाद. मग त्याला दाशरथी म्हणा, सीताकांत म्हणा, काहीतरी तोड काढा.

हा उद्योग मोरोपंतांनी केला. ग्रंथाचं नाव 'निरोष्ठ रामायण'. अशी एकशे आठ रामायणं त्यांनी रचली असं परंपरा सांगते. 'मंत्ररामायणा'त 'श्रीराम जय राम जय जय राम' या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरं कवितेत गुंफलेली आहेत. शाळेत ही माहिती ऐकताना आम्ही मागच्या बाकावर हसायचो. रिकामपणाची कामगिरी, असं वाटायचं. फार नंतर लक्षात आलं की तो रिकामपणा नव्हता, ती सनद होती. कविता करण्याचा आपल्याला अधिकार आहे हे एका माणसानं आपल्या काळाला पटेल अशा रीतीनं सिद्ध करून दाखवलेलं होतं.

मोरोपंत आमच्या पन्हाळ्याचे. जन्म १७२९चा. पराडकर घराणं मूळ कोकणातलं, सौंदळचं. वडील रामजीपंत पोटापाण्यासाठी गडावर आलेले. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरवरच्या या गडावर आज सुटीच्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नाही. लोक तीन दरवाजा बघतात, अंबरखाना बघतात, सज्जाकोठीतून खालचं धुकं बघतात, १६६०च्या वेढ्याची आणि बाजीप्रभूंची गोष्ट मुलांना सांगतात आणि झुणका-भाकरी खाऊन उतरतात. त्या वेढ्यानंतर एकोणसत्तर वर्षांनी इथे जन्मलेल्या कवीची चौकशी कोणी करत नाही. गडावर त्याच्या नावाचं ग्रंथालय आहे आणि पराशरांच्या म्हणून दाखवतात त्या गुहांशीही लोक त्याचं नाव जोडतात. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोघा भावांकडे त्यानं गडावरच काव्य, व्याकरण, अलंकार शिकून घेतले. पंचविशीच्या आसपास तो बारामतीला गेला आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी १७९४पर्यंत लिहीत राहिला. बाबूजी नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार. त्यांच्या भावाला बाजीरावाची बहीण दिलेली, आणि पुढे १७४०मध्ये बाजीरावानंतर पेशवेपदावर नजर ठेवणारेही तेच. असा यजमान असताना कवीला पोटाची चिंता नसते. पण पोट भरणं वेगळं आणि बोलण्याचा हक्क मिळणं वेगळं.

'अधिकार' हा शब्द आपण आता तहसील कचेरीत ऐकतो. जुन्या मराठीत त्याचा अर्थ पात्रता. वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच सांगितलेलं असतं की हा विषय ऐकायला अधिकारी कोण. ऐकणाऱ्याला जर पात्रता लागते, तर सांगणाऱ्याला किती लागत असेल! संस्कृतात सांगणाऱ्याची सोय होती. व्यास, वाल्मीकी मागे उभे असत. मराठीत लिहू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच यायचा: तुला कोणी सांगितलं?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या कवींनी प्रस्तावनेत दिलं नाही. कवितेच्या शेवटच्या ओळीत, एखाद-दुसऱ्या शब्दात दिलं. त्याला नाममुद्रा म्हणतात. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि शिक्का कोणाचा आहे यावर कागदाची किंमत ठरते.

या मुद्रा नीट वाचल्या की त्यांत नातीगोती दिसतात. ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये गीतेवर मराठीत टीका सांगितली ती पावलोपावली थोरल्या भावाच्या, म्हणजे गुरू निवृत्तिनाथांच्या नावावर जमा करत. आपण केवळ निमित्त, असा सूर. एकनाथांनी तर स्वतःचं नाव एकटं ठेवलंच नाही; 'एका जनार्दनी' हा त्यांचा शिक्का, त्यात अर्धा वाटा देवगिरीच्या गुरूंचा, जनार्दनस्वामींचा. जनाबाई 'नामयाची दासी' म्हणून बोलते. सोयराबाई नवऱ्याचं, चोखोबांचं नाव आणि आपली जात दोन्ही पुढे करून बोलते. ज्यांना समाजानं बोलायची मुभा दिलेली नव्हती त्यांनी कोणाच्या तरी नात्याचा हात धरून दार उघडलं. आणि गंमत अशी की दार उघडल्यावर आत जाऊन जे म्हटलं ते कोणाच्याच परवानगीचं राहिलं नाही.

तुकोबांची अडचण सगळ्यांत मोठी. गुरुपरंपरा घरात नाही, वाण्याचा धंदा, आणि वेदांचा अर्थ सांगणारी वाणी. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत गेल्या ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती कथा मुळात अधिकाराच्या खटल्याची आहे. तुकोबांनी स्वतःच्या बाजूनं दिलेली साक्ष अभंगांत आहे: नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम सोपवून गेले. तीनशे वर्षांपूर्वीचा कवी नव्या कवीच्या स्वप्नात येतो आणि उरलेलं काम त्याच्या पदरात टाकतो. कुठल्या न्यायाधीशापुढे हा पुरावा टिकेल? पण महाराष्ट्रानं तो मानला.

नुसत्या शिक्क्यावर भिस्त ठेवली की बनावट शिक्के येणारच. सालोमालो नावाचा कोणी इसम दुसऱ्यांच्या कवितेत आपलं नाव घालून ती खपवत असे. तुकोबांनी त्याच्यावर अभंग रचून राग काढला आहे. मराठीतल्या वाङ्मयचोरीची ही जुनी नोंद. उलट दिशेची चोरी त्याहून अवघड, कारण तिथे चोर काही नेत नाही, उलट ठेवून जातो. कोणा अनामिकानं अभंग रचला आणि शेवटी 'तुका म्हणे' घातलं की तो गाथेत शिरला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा मिसळला तो असाच, नावाच्या साधर्म्यानं. पाठ शुद्ध करणाऱ्यांचं आयुष्य त्यात गेलं. एकनाथांना याची आधीच कल्पना होती. १५८४मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची निरनिराळी हस्तलिखितं जमवून पाठ ठरवला आणि शेवटी बजावलं की यात कोणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखी होईल. स्वतः ओव्यांचे डोंगर रचणारा कवी दुसऱ्याच्या ग्रंथाभोवती असं कुंपण घालतो, हा मला मराठी साहित्यातला फार मोठा क्षण वाटतो. ग्रंथ सगळ्यांचा, पण शब्द एकाचे, ही जाणीव त्यात आहे.

हाच पेच त्या सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही चालू होता. इंग्रजी ही तेव्हा तिथली मराठी होती. ज्ञान लॅटिनमध्ये, दरबारी ऐट फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजी बाजारातली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर त्या भाषेत लिहायला बसला तेव्हा त्यालाही कोणीतरी मागे उभा करावा लागला. ट्रॉयलस आणि क्रिसेड यांची प्रेमकथा त्यानं इटलीच्या बोकाचिओवरून घेतली. पण बोकाचिओ नुकताच वारलेला, तोही देशी भाषेत लिहिणारा. त्याच्या नावाला वजन कुठलं? चॉसरनं बोकाचिओचं नावच घेतलं नाही. लोलियस नावाच्या एका प्राचीन लॅटिन ग्रंथकाराचा हवाला दिला. असा ग्रंथकार कधी झालाच नाही. आपल्याकडे स्वतःची कविता दुसऱ्याच्या नावावर घालणारे होते. चॉसरनं दुसरा जन्मालाच घातला.

त्याचं 'कीर्तीचं घर' हे काव्य तर या विषयाचं नाटकच आहे. स्वप्नात कवी कीर्तिदेवीच्या महालात जातो. तिथे धातूंच्या खांबांवर होमर, व्हर्जिल, ओव्हिड उभे आहेत आणि आपापल्या कथानायकांची कीर्ती खांद्यावर पेलून धरताहेत. पुढे एका गजबजलेल्या ठिकाणी बातम्यांचा कल्लोळ चालू असताना लोकांची एकच झुंबड उडते, कारण कोणी बडा अधिकारी पुरुष आलेला आहे. आणि कविता तिथेच तुटते. तो कोण, काय बोलला, काही नाही. पंडित सहाशे वर्षं त्याच्यावर तर्क लढवताहेत.

१५२३मध्ये जॉन स्केल्टन या कवीनं लंडनमध्ये एक काव्य छापून घेतलं. हा विद्यापीठांकडून कविपदवीचा मुकुट मिळवलेला माणूस, पुढे आठवा हेन्री झालेल्या राजपुत्राचा शिक्षक, आणि स्वतःबद्दल बोलताना संकोच न बाळगणारा. त्या काव्यात तो स्वप्न पाहतो. स्वप्नात चॉसर, गॉवर, लिडगेट हे तिघे मेलेले इंग्रज कवी पुढे येऊन त्याचं स्वागत करतात. वाचताना तुकोबांचं देहू आठवल्याशिवाय राहत नाही. देहू त्यानंतर शंभर वर्षांनी, आणि या दोघांना एकमेकांचा वारा लागण्याचं कारण नाही. फरक स्वप्नातून जाग आल्यावर दिसतो. स्केल्टनला मान मिळाला, तुकोबांना काम मिळालं.

आता परत पंतांकडे. पंतांना स्वप्नाची गरज पडली नाही. त्यांचा शिक्का मयूर, म्हणजे मोर. मोरोपंत, मोरेश्वर, मयूर असा तो खेळ त्यांनी आयुष्यभर खेळला. मोराच्या ओरडण्याला संस्कृतात केका म्हणतात. पृथ्वी वृत्तात देवाला घातलेल्या त्यांच्या आर्त हाकांचं नाव 'केकावली'. इथे कवीचं नाव शेवटच्या ओळीतून निघून थेट ग्रंथाच्या शीर्षावर जाऊन बसलं. वरवर ही देवापुढची दीनवाणी हाक, आणि तरी पुस्तक उघडण्याआधीच कळतं की ओरडणारा मोर कोणता. नम्रता आणि सही एकाच शब्दात बसवणं ही कारागिरी पंतांचीच.

पंतांपर्यंत येता येता एक गोष्ट बदलली होती. संतांना अधिकार गुरूकडून आणि देवाकडून आला. पंतांना तो पाठांतरातून, कोशांतून, अलंकारशास्त्रातून मिळवायचा होता. रामायण, भारत, भागवत ही परक्या मालकीची शेतं. तिथे आपली मेहनत दिसायची तर बांधबंदिस्तीत दिसणार. म्हणून निरोष्ठ, म्हणून मंत्ररामायण, म्हणून अख्खं महाभारत आर्यांत. पंतांची आर्या ही काटेकोर पाहिलं तर बहुधा गीती असते: पहिल्या अर्ध्यात बारा आणि अठरा मात्रा, दुसऱ्यातही तितक्याच. खऱ्या आर्येचं दुसरं अर्ध तीन मात्रांनी आखूड असतं. पण लोक तिला आर्याच म्हणत आले. एका जुन्या पद्यात तर मालमत्तेची वाटणीच झाली आहे: ओवी ज्ञानेशाची, अभंग तुकयाचा, श्लोक वामनपंडिताचा आणि आर्या मयूरपंताची. सातबाऱ्यावर नाव चढावं तसं वृत्तावर नाव चढलं.

त्यांची कविता पोथीत बसून राहिली असती तर कदाचित विद्वानांपुरती उरली असती. तिला बाहेर काढलं ते सोलापूरच्या रामजोशांनी. शास्त्र शिकलेला ब्राह्मण, घर सोडून तमाशाच्या फडात गेलेला, लावणीत संस्कृत समासांची आतषबाजी करणारा हा माणूस. पंतांनी या फडकऱ्याच्या कवित्वाला मान दिला अशा आख्यायिका आहेत. उत्तरायुष्यात रामजोशी कीर्तनं करू लागले आणि पंतांच्या आर्या कीर्तनात घेऊ लागले. पंडिताला लोकमान्यता मिळाली ती शाहिराच्या गळ्यातून. हे पंडितांच्या वारसांना फारसं आवडत नसावं, कारण ते याचा उल्लेख पुटपुटत करतात.

मग छापखाना आला, आणि शिक्क्याची मालकी तिसऱ्याकडे गेली. इंग्लंडात १५५७मध्ये रिचर्ड टॉटेल या छापखानेवाल्यानं दरबाऱ्यांच्या हस्तलिखित कविता जमवून पुस्तक काढलं. त्यात टॉमस वायट हा पंधरा वर्षांपूर्वी वारलेला कवी होता. त्याच्या खडबडीत ओळी टॉटेलच्या पुस्तकात रंधा मारून गुळगुळीत झाल्या, आणि कितीतरी काळ लोकांनी तोच वायट समजला. मराठीत हे काम १८५४मध्ये परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'नं केलं. जुन्या कवितेतले वेचे निवडून शाळांसाठी केलेलं हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कवी मोठा कोण हे आता गुरू ठरवत नव्हता, फड ठरवत नव्हता. वेच्यांचा संपादक ठरवत होता, आणि त्याच्यामागे सरकारचं शिक्षणखातं होतं. पुढे चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त मोरोपंतांवर विस्तारानं लिहिलं तेव्हा पंतांना तपासायला इंग्रजी टीकेची मापं हाताशी होती. पन्हाळ्यावरच्या पाध्यांनी घेतलेली परीक्षा पंत केव्हाच उत्तीर्ण झाले होते. ही परीक्षा निराळ्या विषयाची होती, आणि तिचा निकाल अजून कोणी जाहीर केलेला नाही.

केशवसुतांनी शिक्काच टाकून दिला. वायटनं इटलीतून इंग्रजीत आणलेला चौदा ओळींचा सॉनेट त्यांनी १८९२मध्ये मराठीत आणला, आणि त्याच घाटात पुढे 'आम्ही कोण?' ही कविता लिहिली. प्रश्न सातशे वर्षांपूर्वीचाच. पण उत्तर देताना गुरू नाही, स्वप्न नाही, वाल्मीकी नाही. कवी आहे म्हणून अधिकार आहे. पुढे आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुलं'मध्ये त्याच नावाचं विडंबन लिहून कवींची टोपी उडवली, हेही बरंच झालं.

या साखळीची पुढची कडी पुन्हा कोल्हापुरात सापडते. माधव त्रिंबक पटवर्धन राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फार्सीचा गाढा व्यासंग, १९२५चा फार्सी-मराठी कोश त्यांचाच. कविता लिहायचे ते माधव ज्यूलियन या नावानं. हे नाव इंग्रजी साहित्यातून उचललेलं. विचार करा: जनाबाई नामदेवांचं नाव लावते, एकनाथ जनार्दनस्वामींचं, आणि विसाव्या शतकातला कवी परक्या भाषेतल्या पुस्तकातलं. नातं मात्र तसंच आहे, आपण कोणाचे ते सांगणारं.

माधवरावांनी गझल मराठीत रुजवली, सुनीतांचा, म्हणजे सॉनेटांचा, संग्रह काढला. पण त्यांचं डोंगराएवढं काम म्हणजे 'छंदोरचना'. १९२७मध्ये निघालेला हा ग्रंथ त्यांनी कोल्हापुरात असताना वाढवून १९३७मध्ये पुन्हा काढला, आणि त्यावर मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली. मराठी कवितेची चाल त्यांनी वृत्त, जाती आणि छंद अशा तीन वर्गांत लावून दाखवली. ओवी-अभंगासारख्या छंदात प्रत्येक अक्षर गुरू म्हणूनच उच्चारलं जातं, हे त्यांनी शास्त्रात बसवलं. म्हणजे तुकोबांची जी परीक्षा कोणी घेतली नव्हती, तीही त्यांच्या वतीनं कोल्हापूरच्या प्राध्यापकानं देऊन टाकली.

आणि मग या माणसानं एक चमत्कारिक गोष्ट केली. भाषाशुद्धीची चळवळ त्याला पटली. ज्यानं फार्सीचा कोश केला त्यानंच आपल्या जुन्या कवितांमधले फार्सी-अरबी शब्द वेचून काढून त्या कविता नव्यानं लिहिल्या. १९३८मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तकही आलं. त्या दुरुस्त्या मला बऱ्याचदा मूळ ओळीपेक्षा फिक्या वाटतात, रंग उतरलेल्या लुगड्यासारख्या. पण टॉटेलनं वायटच्या ओळींवर रंधा मारला तो वायट मेल्यावर. इथे कवीच स्वतःचा टॉटेल झाला. एकनाथांनी कुंपण घातलं होतं ते इतरांसाठी. कवीनं स्वतःच्या ताटात करवंटी ठेवायची ठरवली तर काय, याचा विचार त्यांनी केला नव्हता. १९३९च्या नोव्हेंबरात माधवराव गेले, पंचेचाळिशीतच.

ते मात्रा मोजत होते त्याच काळात, त्याच गावात, डफावर थाप पडत होती. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक ही कोल्हापूरची शाहिरी नावं. पोवाड्याला अजून शेवटची ओळ असते. लढाई संपलेली असते, झीलकऱ्यांचं 'जी जी' थकत आलेलं असतं, तुणतुण्याची तार तेवढी चालू असते, आणि शाहीर कानावरचा हात काढून पुढे येतो. आता गुरूचं नाव, मग गावाचं, मग स्वतःचं. ते उच्चारून झाल्यावरच डफ थांबतो.